नाममुद्रेचा वारसा : मरणोत्तर कर्तृत्व आणि यंत्रवाणी

१

१६ एप्रिल २०२५ रोजी नाशिक येथे शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या पक्षाच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातील एक भाषण उपस्थितांना ऐकवण्यात आले. बाळासाहेबांचे निधन १७ नोव्हेंबर २०१२ रोजी झालेले होते, आणि भाषणात उल्लेखिलेल्या घडामोडी त्यांच्या निधनानंतरच्या होत्या. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सिद्ध केलेला होता. ही गोष्ट कोणापासून लपवलेली नव्हती. राजकीय अंगाने तिच्यावर जी टीका आणि प्रतिटीका झाली ती वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित आहे, आणि प्रस्तुत लेखाचा तिच्याशी संबंध नाही. येथे उपस्थित करावयाचा प्रश्न साहित्यविचारातला आहे. त्या भाषणाचा कर्ता कोण?

हा प्रश्न एकट्या नाशिकचा नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोत रोमान माझुरेंको हा तरुण अपघातात मरण पावला. त्याची मैत्रीण युजेनिया कुय्दा हिने त्याच्या हजारो संदेशांच्या आधारे त्याच्याप्रमाणे उत्तरे देणारी एक संगणकीय रचना पुढल्या वर्षी तयार केली. २०२० मध्ये कोरियातील एका दूरचित्रवाणी वाहिनीने एका आईची तिच्या मृत मुलीच्या संगणकनिर्मित प्रतिमेशी भेट घडवून आणली. तमिळनाडूत करुणानिधी यांच्या निधनानंतर काही वर्षांनी त्यांची बोलती प्रतिमा पक्षाच्या व्यासपीठावर आली. २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज, त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने, यंत्राकडून गाऊन घेतले. या सर्व उदाहरणांना सामान्यतः 'मृत्यूनंतरचे आयुष्य' असे संबोधले जाते. हे संबोधन शिथिल आहे. यांपैकी एकाही ठिकाणी आयुष्य लांबलेले नाही. लांबलेली आहे ती उक्ती. देह नाही, जाणीव नाही, सुखदुःखाचा भोक्ता नाही. केवळ 'तो म्हणतो' या क्रियापदाचा वर्तमानकाळ चालू राहिलेला आहे. म्हणूनच हा विषय वैद्यकशास्त्रापेक्षा साहित्यशास्त्राच्या अधिक जवळचा आहे, आणि आपल्या समीक्षेने तो वृत्तपत्रांच्या विज्ञान-पुरवण्यांवर सोडून देणे योग्य ठरणार नाही.

यंत्र काय करते ते थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे. भाषेचे संगणकीय प्रतिमान हे आधीच्या शब्दांवरून पुढील शब्दाची संभाव्यता ठरवते. प्रचंड लिखित मजकुरावरून त्याला भाषेचे सर्वसामान्य वळण अवगत झालेले असते. एखाद्या विशिष्ट मृत व्यक्तीची पत्रे, संदेश, ध्वनिमुद्रणे त्याला पुरवली की हे सर्वसामान्य वळण त्या व्यक्तीच्या लकबींकडे झुकवले जाते. व्यक्तीचा मजकूर जेथे विपुल असेल तेथे झुकाव अधिक. जेथे तो तुटपुंजा असेल तेथे रिकामी जागा सर्वसामान्य भाषा भरून काढते, म्हणजेच इतरांनी लिहिलेली भाषा. मृताच्या तोंडी येणारे वाक्य अशा रीतीने अंशतः त्याचे आणि अंशतः कोणाचेच नसते, आणि यातला कोणता अंश कोणाचा हे त्या वाक्याकडे पाहून सांगता येत नाही.

२

मृत कवीची उक्ती त्याच्या मरणानंतर वाढत राहावी, ही घटना मराठी वाङ्मयाला नवी नाही. किंबहुना आपल्या मध्ययुगीन काव्याचा मोठा भाग याच घटनेने घडलेला आहे. नामदेवांच्या नावावर आज छापला जाणारा गाथा एका नामदेवाचा नाही. त्यात 'नामा' आहे, 'विष्णुदास नामा' आहे, 'शिंपी' म्हणवून घेणारा नामा आहे. आणि मराठीत महाभारत रचणारा, एकनाथकालीन विष्णुदास नामा हा तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांहून भिन्न आहे, हे संशोधकांना फार श्रमाने उलगडावे लागले. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार असे दोन वेगळे ज्ञानेश्वर मानले पाहिजेत असा वाद उभा केला. तो वाद ज्या निर्णयापर्यंत गेला तो येथे महत्त्वाचा नाही. एका नाममुद्रेखाली किती देह मावू शकतात याची शंका मराठी अभ्यासकाला शंभर वर्षांपूर्वीच आलेली होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

रोलां बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, आणि १९६९ मध्ये मिशेल फूको यांनी 'लेखक' ही व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे असे प्रतिपादले. आपल्याकडे ही मते आयात विचार म्हणून स्वीकारली गेली किंवा नाकारली गेली. 'तुका म्हणे' या दोन शब्दांत फूको यांचे ते कार्य तीनशे वर्षे प्रत्यक्ष चालू होते, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. कीर्तनकाराने रचलेला अभंग त्या मुद्रेने तुकोबांचा होतो. वारकरी तो तुकोबांचा म्हणून गातो. लेखनिक तो वहीत उतरवतो. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या परंपरेतील वह्यांवरून छापलेल्या संग्रहाला 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' असे नाव द्यावे लागले, यातील 'अस्सल' हे विशेषण फार बोलके आहे. अस्सल हा शब्द नकलेच्या सावलीतच उच्चारला जातो.

तेव्हा असे म्हणता येईल काय, की यंत्राने निर्माण केलेली मरणोत्तर उक्ती ही आपल्या प्रक्षिप्त अभंगांचीच पुढची पायरी आहे? तसे म्हणण्याचा मोह होतो, आणि तंत्रज्ञानाचे काही समर्थक परंपरेचा दाखला असाच देतील. परंतु परंपरेत मरणोत्तर कर्तृत्वाचा केवळ एक प्रकार नाही. प्रक्षेप हा एक. दुसरा त्याहून मोलाचा आहे आणि तो स्वतः तुकोबांनीच सांगून ठेवला आहे.

तुकोबांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत एक स्वप्न आहे. नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात येतात, जागे करतात आणि कवित्व करण्याचे काम सोपवतात. नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिलेला आहे. उरलेली संख्या तुकोबांनी पुरी करावयाची आहे. नामदेवांच्या निधनाला त्या वेळी जवळजवळ तीनशे वर्षे झालेली आहेत. मृत कवीचे अपुरे कार्य जिवंताने पूर्ण करणे, मृताने स्वतः येऊन त्याची मागणी करणे, आणि कार्याचे मोजमाप संख्येत असणे: आजच्या यंत्रनिर्मात्याला हव्या असलेल्या सर्व गोष्टी या स्वप्नात आहेत. शतकोटी ही संख्या तर यंत्रालाच शोभणारी आहे.

आता यानंतर तुकोबा काय करतात ते पाहावे. ते नामदेवांचा उरलेला हिशेब चुकता करू लागतात, पण त्या अभंगांवर 'नामा म्हणे' अशी मुद्रा घालीत नाहीत. कर्ज नामदेवांचे, सही तुकारामाची. स्वप्नातला आदेश शैली उचलण्याचा नव्हता, काम उचलण्याचा होता, असे तुकोबांनी समजून घेतले. परिणामी मराठीला नामदेवांचे आणखी काही कोटी अभंग मिळाले नाहीत, तुकाराम मिळाला. नामदेवांची सौम्य, आर्जवी, काहीशी लडिवाळ भाषा तुकोबांकडे येऊन खरबरीत झाली, भांडखोर झाली, देहूच्या बाजारातली वजने-मापे तिच्यात आली. नामदेवांच्या संपूर्ण उपलब्ध वाणीवरून संभाव्यतेने पुढचा शब्द ठरवीत गेले असते तर हे वळण आले नसते. कारण संभाव्यता मागे पाहते. तिच्या दृष्टीने तुकाराम ही नामदेवांच्या शैलीतली चूक ठरेल.

प्रक्षेपकाराच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. तो स्वतःला पुसून टाकतो, हे खरे. या बाबतीत तो यंत्राच्या निकटचा आहे. परंतु त्याने रचलेला अभंग दिंडीत गायला जावा लागतो, फडावर टिकावा लागतो, ज्यांना शेकडो अभंग मुखोद्गत आहेत अशा श्रोत्यांच्या कानातून पार व्हावा लागतो. या चाळणीतून गेलेला प्रक्षेप हा एका अर्थाने समाजाने मान्य केलेला असतो. शिवाय परंपरेने प्रक्षेपाला कधीच सरसकट अभय दिले नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केली, आणि यापुढे तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवील असा इशारा देऊन ठेवला. एकनाथांनाही स्वप्न पडले होते, हे विसरता येणार नाही. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचे ज्ञानेश्वरांनी त्यांना स्वप्नात सांगितले अशी आख्यायिका आहे. तुकोबांच्या स्वप्नातला मृत कवी 'पुढे लिही' असे सांगतो. एकनाथांच्या स्वप्नातला 'माझ्याभोवती वाढलेले दूर कर' असे सांगतो. एकाने नव्या नावाने भर घालावयाची, दुसऱ्याने जुन्या नावावरची भर काढावयाची. मृताच्या नावाने भर घालण्याची आज्ञा मात्र कोणत्याच स्वप्नात नाही.

३

येथवरचे विवेचन कर्त्याच्या बाजूने झाले. ग्रहण करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक अवघड होतो, आणि त्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्राकडे वळणे भाग आहे. हे वळण शोभेसाठी नाही. मृताशी बोलणाऱ्या माणसाची प्रतीती कोणत्या जातीची आहे याचे वर्णन करण्यासाठी शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाइतके अचूक साधन प्रस्तुत लेखकाला अन्यत्र आढळलेले नाही.

नट हा राम आहे असे प्रेक्षकाला वाटते. हे वाटणे कोणत्या प्रकारचे? शंकुकाच्या मते ते सम्यक् ज्ञान नाही, मिथ्या ज्ञान नाही, संशय नाही आणि सादृश्यज्ञानही नाही. चित्रातल्या घोड्याला आपण 'हा घोडा' म्हणतो तशी ती चारींहून विलक्षण अशी प्रतीती आहे. नाशिकच्या शिबिरातील श्रोता फसलेला नव्हता, कारण त्याला सर्व ठाऊक होते. तो संशयातही नव्हता. 'हा आवाज त्यांच्यासारखा आहे' असे सादृश्याचे शीतल ज्ञान त्याला होत होते असेही म्हणता येत नाही. तसे असते तर सभागृहातील भाव निराळा असता. त्याची प्रतीती चित्रतुरगाची होती. तेवढ्यापुरते ते भाषण नाट्य होते, आणि नाट्य म्हणून त्यात आक्षेपार्ह असे काही नाही. बालगंधर्वांच्या निधनानंतर त्यांची भूमिका करणाऱ्या नटावर आपण आक्षेप घेत नाही.

परंतु नाट्याला एक अट आहे. नाट्य चालू असताना रामाचे म्हणणे हे रामाचे असते. पडदा पडल्यावर नट कोणाला मत देण्याविषयी सांगू लागला तर त्याला रामाचा अधिकार नसतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी चर्चा केली आहे तीत, स्वतःशी किंवा परक्याशी निगडित असा देशकालविशेषाचा आवेश हे एक मोठे विघ्न सांगितले आहे. साधारणीकरण होण्यासाठी ते सुटावे लागते. वारसा कोणाचा, नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, असा वाद २०२२ पासून चालू असताना मृताच्या आवाजाने त्यातील एका बाजूने साक्ष द्यावी, ही गोष्ट देशकालविशेषाने इतकी भरलेली आहे की ती नाट्य राहत नाही. वादातील कोणत्याही बाजूने हे केले असते तरी निष्कर्ष हाच निघाला असता. साक्षीदाराची उलटतपासणी करता येणे ही साक्षीची पहिली अट. येथे साक्षीदार आणि त्याला शिकवणारा वकील एकच आहे.

खासगी दुःखाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला आहे तो निरपेक्ष आणि सापेक्ष या शब्दांनी. करुणात पुनर्भेटीची अपेक्षा उरलेली नसते. विप्रलंभात ती असते. मग एखादा मेला आहे, पण तो परत भेटेल असे आश्वासन मिळालेले आहे, अशी स्थिती असेल तर? साहित्यदर्पणकार विश्वनाथाने या स्थितीला करुणविप्रलंभ म्हटले आहे आणि उदाहरण दिले आहे ते बाणभट्टाच्या कादंबरीतील पुंडरीक-महाश्वेतेचे. पुंडरीक मरतो, महाश्वेता विलाप करते, तेवढ्यात एक दिव्य पुरुष त्याचे शरीर उचलून नेतो आणि आकाशातून तिला पुनर्भेटीचे आश्वासन देतो. विश्वनाथाचे येथील विवेचन सूक्ष्म आहे. त्या आकाशवाणीच्या आधी जो रस आहे तो करुणच. आकाशवाणीनंतर मात्र संगमाची आशा निर्माण होत असल्यामुळे शृंगाराला अवसर मिळतो. प्रेत तेच, अश्रू तेच, स्त्री तीच. एका वाणीने रस बदलला.

मृताच्या संदेशांवरून त्याची उत्तरे घडवणारे यंत्र ही अशी आकाशवाणी आहे. ते शोक करणाऱ्याला करुणातून विप्रलंभात नेते. पण कादंबरीतील आकाशवाणी खरी ठरते, पुंडरीक भेटतो. यंत्राच्या आकाशवाणीमागे पुंडरीक नाही. म्हणजे शोक करणाऱ्याला सापेक्ष भाव मिळतो आणि अपेक्षेचा विषय मिळत नाही. ही स्थिती दोन्ही रसांच्या बाहेरची आहे, आणि तिला आपल्या शास्त्रात नाव नाही. तिला दिलासा म्हणावे की शोकाची कोंडी म्हणावे, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडले पाहिजे. आईने आपल्या मुलीची प्रतिमा पाहिली आणि तिला बरे वाटले असेल तर समीक्षकाने तेथे नियम सांगत उभे राहू नये.

आपल्या लोकाचारात मृताच्या उत्तराची एक व्यवस्था आहे. दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि मंडळी काकस्पर्शाची वाट पाहतात. कावळा शिवत नसेल तर मागे राहिलेल्यांपैकी कोणी पुढे होऊन मृताला वचन देतो: धाकटीचे लग्न आम्ही करू, म्हाताऱ्या आईला अंतर देणार नाही. मग कावळा शिवतो, आणि नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला जातो. श्रद्धा बाजूला ठेवून चिन्हव्यवस्था म्हणून या विधीकडे पाहिले तर त्यातील काटकसर थक्क करणारी आहे. मृताला एकच उत्तर देता येते, होय किंवा नाही. ते उत्तर मिळवण्यासाठी बोलावे लागते ते जिवंताला, आणि बोललेले पाळावे लागते तेही जिवंतालाच. त्यानंतर सपिंडीकरणाने प्रेताचा पितर होतो. त्याला तिथीला आठवायचे, एरवी विचारायचे नाही. यंत्र मृताला अमर्याद उत्तरे देऊ देते आणि जिवंताकडून कोणतेच वचन मागत नाही. विधीच्या परिभाषेत सांगायचे तर ते प्रेताला पितर होऊ देत नाही.

कादंबरीची आणखी एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्या विषयाच्या इतकी मध्यभागी आहे की योगायोग वाटावा. मृताच्या पुनर्भेटीची ही कथा बाणभट्टाने पूर्ण केलेली नाही. ती अर्धी असताना तो वारला आणि तिचा उत्तरभाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला. आरंभीच्या श्लोकांत तो सांगतो की वडिलांबरोबर कथेचा ओघही खंडित झाला. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे. वडिलांची शैली तो उचलतो आणि तिच्यात उणा पडतो, असे रसिक हजार वर्षे म्हणत आले आहेत. तसे म्हणता येते याचे कारण शिवण उघडी ठेवलेली आहे. पूर्वभाग कोठे संपतो आणि उत्तरभाग कोठे सुरू होतो हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असते. ज्या भाषेने दीर्घ कथात्मक गद्याच्या सबंध प्रकाराला या ग्रंथाचे नाव दिले तिच्या समीक्षेने ही शिवण विसरू नये.

मराठीत याहून जवळचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांपुरतेच झालेले होते. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. आणि त्याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. 'ख्रिस्तायना'त त्यांनी पतीचे काम पुढे नेले. 'स्मृतिचित्रां'त पती पुन्हा उभा केला. यांपैकी टिळक जिवंत वाटतात ते कोठे, असे विचारले तर वाचक क्षणाचाही विलंब न लावता 'स्मृतिचित्रां'चे नाव घेईल. तेथे टिळकांचा आवाज नाही. तेथे टिळकांवर रागावणारी, हसणारी, त्यांच्या विक्षिप्तपणापुढे हात टेकणारी एक बाई आहे. त्यांचे धर्मांतर, त्यांचे घर सोडून जाणे, त्यांचे वाटेल त्याला वाटेल ते देऊन टाकणे, हे सर्व आपल्याला तिच्या अडचणींतून कळते. टिळकांच्या सर्व पत्रांवरून आणि कवितांवरून घडवलेले यंत्र टिळकांची बाजू मांडील. त्यांच्यामुळे दुसऱ्याची जी तारांबळ उडत असे ती त्यात येणार नाही. माणूस जसा स्वतःच्या उक्तीत असतो तसा तो इतरांच्या अडचणींतही असतो, आणि हा दुसरा भाग त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांत नसतो.

४

कागदपत्रांचा उल्लेख आला म्हणून आणखी एका बाजूकडे पाहू. मरणोत्तर उक्तीला मजकूर लागतो. तो कोणाकडे असतो?

उल्हास नदीला पूर आला की बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांत, हेंद्रेपाडा, मांजर्ली, वालिवली या भागांत, पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा पूर तेथील लोक अजून तारखेनिशी सांगतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली तेव्हाही हेच घडले. अशा पुरात तळमजल्यावरच्या घरांतून पहिल्यांदा जातो तो कागद: पत्रे, वह्या, लग्नाच्या याद्या, छायाचित्रे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी परत केल्या असे परंपरा सांगते. उल्हास नदीची तशी ख्याती नाही. याच बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले 'ग्रंथसखा' वाचनालय आहे, जेथे दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिके जतन केलेली आहेत. एका गावात कागद वाचवण्याची अशी चिकाटी आणि कागद वाहून जाण्याची अशी परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

पण कागद मुळात नसणाऱ्यांचे काय? ठाणे-रायगडच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाते. तिचे धवले तिला मुखोद्गत असतात आणि ते एका स्त्रीकडून दुसरीकडे ऐकून जातात. तिचा फोन असला तरी त्यात तिने लिहिलेले संदेश नसतात. तिच्या मृत्यूनंतर नातवाने तिचे यंत्ररूप करावयाचे ठरवले तर त्याच्यापाशी असेल ते लग्नाच्या चित्रफितीतले, वाजंत्र्यांच्या गोंगाटात बुडालेले दहा-पंधरा मिनिटांचे गाणे. आवाज तेवढ्यावरूनही साधता येईल, कारण आवाजाची नक्कल करण्यास थोडे ध्वनिमुद्रण पुरते. भाषा मात्र साधणार नाही. आधी सांगितल्याप्रमाणे मजकुरातील रिकामी जागा सर्वसामान्य भाषेने भरली जाईल, आणि यंत्राला उपलब्ध असलेली सर्वसामान्य मराठी ही वृत्तपत्रांची, शासकीय परिपत्रकांची आणि बऱ्याच अंशी भाषांतरांची मराठी आहे. आजीच्या गळ्यातून तहसील कार्यालय बोलू लागेल. ज्याने आयुष्यभर टंकलेखन केले त्याला मरणोत्तर उक्ती मिळेल. जिने आयुष्यभर गायिले तिला मिळेल ती दुसऱ्या वर्गाची भाषा. बोलीचा हा दुसरा मृत्यू आहे, आणि तो आजीच्या नावाने व आजीच्या आवाजात घडणार असल्यामुळे त्याची नोंदही होणार नाही.

मौखिक वाणी वाचवण्याचे दुसरे मार्ग मराठीने शोधलेले आहेत. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावाने वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने, ती ग्रंथरूपाने आली. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या दोन्ही उद्योगांत मृतांची वाणी वाढली नाही. जेवढी होती तेवढी राहिली. बहिणाबाईंची हरवलेली गाणी हरवलेलीच राहिली. त्या उणिवेसकट आपण त्यांना वाचतो. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या धाटणीची आणखी पन्नास गाणी त्यांना सहज रचता आली असती, आणि अशी शंका कोणी घेतली की आपल्याला ती टोचते. ती टोचते, यातच आपली खरी वाङ्मयीन नीती व्यक्त होते.

५

राहतो तो संपादकाचा प्रश्न. कायद्याकडून येथे फारशी मदत होणार नाही. १९५७ च्या कायद्याने लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि कलम ५७ खाली कृतीची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा विशेष हक्क त्याच्या वारसांनाही बजावता येतो. परंतु हे सर्व लिहून झालेल्या कृतीविषयी आहे. न लिहिलेल्या कृतीचे, म्हणजे शैलीचे आणि आवाजाचे, रक्षण कायदा करू लागला आहे तो जिवंतांपुरता: २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाच्या यांत्रिक नकलेला मनाई केली. सुशांतसिंह राजपूत यांच्या संदर्भात मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात असे मत दिले. आणि वारसांची संमती असली तरी पाठचिकित्सेचा प्रश्न सुटत नाही. नाशिकला संमतीचा अभाव नव्हता.

भाव्यांपुढे वह्या होत्या. वहीला लेखनिक असतो, हस्ताक्षर असते, कागद आणि शाई असते, कोणत्या फडाची वही हे कळते. प्रक्षेप उघडा पडतो तो या खुणांमुळे. यंत्राच्या उक्तीला यातले काहीच नाही. तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन निरनिराळी उत्तरे येतात, आणि दोन्ही सारखीच 'त्यांची'. येथे पाठभेद आहेत, मूळ पाठ नाही. आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या दिवंगत लेखकाच्या पत्रव्यवहाराचे संपादन करणाऱ्या अभ्यासकासमोर त्याच्या हयातीतली पत्रे आणि मरणानंतर कुटुंबीयांना त्याच्या नावाने आलेली उत्तरे एकाच साठ्यात, एकाच अक्षरात, बहुधा तारखांवाचून येतील. तो शैलीवरून निवडा करू पाहील, आणि शैली हीच तर नकलेची सामग्री आहे.

अशा वेळी नामदेवांच्या गाथ्यातील एक जुनी सोय उपयोगी पडण्यासारखी आहे. 'विष्णुदास नामा' ही जोडमुद्रा. उत्तरकालीन कवीने नामदेवांचे नाव घेतले, पण त्याला स्वतःचे एक विशेषण जोडून घेतले. त्यामुळे भक्ताला नामाच ऐकू आला आणि अभ्यासकाला, थोडा उशिरा का होईना, दुसरा माणूस दिसला. मृताच्या नावाने यंत्राकडून जे वदवून घेतले जाईल त्यावर अशीच जोडमुद्रा असावी: मृताचे नाव, आणि त्याला लागून ज्याने ते वदवून घेतले त्या जिवंत व्यक्तीचे वा संस्थेचे नाव, तारखेसह. यंत्राचे नाव त्यात असण्याची गरज नाही, लेखणीचे नाव आपण कधी घालीत नव्हतो. नाशिकच्या भाषणाला अशी मुद्रा असती तर ते ज्यांनी लिहिले त्यांची नावे बाळासाहेबांच्या नावाशेजारी ऐकू आली असती, आणि श्रोत्यांना टाळ्या कोणाच्या वाक्यांना द्यावयाच्या हे ठरवता आले असते.